वैकुंठ, यमकोंड आणि साष्टीतला पाद्री

दरवर्षी 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांबरोबर या चार ओळी मोबाइलवर येऊन पडतात:

जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी
कि परिमळांमाजि कस्तुरी
तैसी भासांमाजि साजिरी
मराठिया

खाली लिहिलेलं असतं, 'एका इंग्रजाने केलेली मराठीची स्तुती'. आपण खूश होतो आणि पुढे पाठवतो. बाहेरच्याने पाठ थोपटली की आपल्याला जरा जास्तच बरं वाटतं, हा आपला जुना स्वभाव. पण ही ओवी थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीच्या ज्या ख्रिस्तपुराणातली आहे ते साधारण 11,000 ओव्यांचं आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीपेक्षाही मोठं, आणि मराठीचं कौतुक हा काही त्याचा विषय नाही. ज्यांची देवळं पाडली गेली होती, ज्यांच्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, त्या माणसांना नवा देव आपला वाटावा म्हणून ते लिहिलं गेलं. श्रद्धा घडताना त्यात भाषेचा वाटा किती आणि गोष्टीचा किती, हे तपासायला मराठीत याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

साष्टीत काय उरलं होतं

1543 साली गोव्यातले साष्टी आणि बारदेश हे आदिलशाहीतले महाल पोर्तुगिजांकडे आले. धर्मप्रसारासाठी दोन कॅथलिक धर्मसंघांत वाटणी झाली: बारदेश फ्रान्सिस्कनांच्या वाट्याला गेलं, साष्टी जेझुइटांच्या. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. त्याच दशकात साष्टीतली देवळं जमीनदोस्त झाली. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवांबरोबर काही माणसं गेली, काही राहिली. शेत, घर, गावकारीतला (गावाच्या सामाईक जमिनीतला) वाटा सोडून जाणं सगळ्यांना कुठलं परवडायला? राहिलेल्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातले किती मनापासून, किती नाइलाजाने, याचं माप कुणाकडे नाही.

थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यात उतरला. इंग्लंडातल्या विल्टशरचा. त्याच्या मायदेशी कॅथलिक असणंच तेव्हा संशयास्पद होतं, म्हणून रोमला जाऊन तो जेझुइट झालेला. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. पुढची चाळीस वर्षं, 1619 साली मरेपर्यंत, तो इथेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत.

जुलै 1583 मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. मागाहून पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या मुख्य गावकारांना बोलणीच्या निमित्ताने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. मारल्या गेलेल्या पाद्र्यांची प्रेतं ताब्यात घेऊन पुरण्याच्या कामात स्टीफन्स होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने इंग्लंडला भावाला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की इथल्या भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती आहे. संस्कृत-ग्रीक-लॅटिन नात्यावर युरोपात गाजावाजा व्हायला अजून दोनशे वर्षं होती. मला मात्र त्या निरीक्षणापेक्षा तारखेचं नवल वाटतं. कुंकळ्ळीनंतर तीन महिन्यांनी हा माणूस तिथल्या लोकांच्या क्रियापदांकडे कान लावून बसला होता.

'आमची पुराणं नेलीत, तुमचं कुठे आहे?'

मूर्ती गेली हे डोळ्यांना दिसतं. गेलेली दुपार दिसत नाही. जेवणं उरकल्यावर ओसरीवर पुराणिक बसायचा, ओवी म्हणायचा, अर्थ सांगायचा, मध्येच कुणी शंका काढायचं, बायका उंबऱ्याच्या आत वाती वळत ऐकायच्या. धर्म बहुतेकांच्या अंगी लागायचा तो याच बैठकीत. ख्रिस्ती झालेल्या घरात ही दुपार रिकामी झाली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. धर्मशिक्षण पाठांतराचं: आज्ञा किती, संस्कार किती, घातक पापं किती. सगळं मोजून ठेवलेलं, पण त्यात घडत काहीच नाही. राजपुत्र वनात जात नाही, आई मुलासाठी रडत नाही.

ही पोकळी स्टीफन्सने ओळखली, आणि ओळखली हे त्याने लपवलंही नाही. पुराणाच्या सुरुवातीलाच त्याने एक प्रसंग घातला आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांतला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची आधीची शास्त्रपुराणं तुम्ही वर्ज्य केलीत, मग तशी दुसरी आम्हाला का करून देत नाही? पाद्रीला प्रश्न पटतो आणि कथा सुरू होते. हा ब्राह्मण खरोखर होता की नाही, हा मुद्दा दुय्यम. शौनकादी ऋषी विचारतात आणि सूत सांगतो, ही पुराणाची चौकट श्रोत्यांना पाठ होती. प्रश्न विचारला गेला की उत्तर ऐकायला माणूस मांडी ठोकून बसतो. स्टीफन्सने पहिल्याच पानावर सूताची जागा घेतली.

भाषा कुठली?

इथला निर्णय मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. साष्टीतली माणसं घरात कोकणी बोलत. स्टीफन्सला ती उत्तम येत होती. कोकणीचं व्याकरण त्याने लिहिलं, ते त्याच्या मागे 1640 मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. प्रश्नोत्तरांतली ख्रिस्ती शिकवणही त्याने कोकणीतच लिहिली, तीही मागाहून 1622 मध्ये आली. पुराण मात्र मराठीत.

का? कारण गोव्यातल्या माणसाने देवाच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या मराठीत ऐकल्या होत्या. भाजी कोकणीत निवडायची, भांडण कोकणीत करायचं, आणि कृष्णजन्म मराठीत ऐकायचा. केळोशीच्या कृष्णदास शामाने सोळाव्या शतकात कृष्णचरित्र लिहिलं ते मराठीतच. कर्तव्य पाठ करायला घरची भाषा चालते, पण देव भेटायचा तर तो त्याच्या नेहमीच्या भाषेत भेटला पाहिजे, हे या परदेशी माणसाच्या लक्षात आलं होतं. गद्य प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की या देशातल्या भाषांत ही भाषा परमेश्वराच्या वस्तू निरूपण करायला योग्य दिसली. लगेच पुढे जोडतो की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींची अवघड 'उतरं' सोडून ब्राह्मणांच्या बोलीतली सोपी उतरं जागोजागी मिसळली आहेत. शब्दाला 'उतर' म्हणणं हेच कोकणी आहे, म्हणजे खुलासा करतानासुद्धा मिसळण चालूच.

(मराठीवाले आणि कोकणीवाले स्टीफन्सला दोन्ही बाजूंनी ओढतात. त्याने मात्र दोन्ही भाषांना वेगवेगळी कामं लावली होती, आणि त्याबद्दल त्याच्या मनात काही गोंधळ नव्हता.)

लिपीचं त्याला जमलं नाही. डिसेंबर 1608 मध्ये, म्हणजे सर्वसाधारणपणे तुकोबांच्या जन्माचं मानलं जातं त्या वर्षी, त्याने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखाला कळवलं की या प्रांतात इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तकं छापली जावीत अशी फार वर्षांची इच्छा आहे, जशी मलबारात छापली जातात. अडचण छपाईच्या खिळ्यांची. युरोपात 24 साच्यांत भागतं, इथे 600 लागतात. आपली जोडाक्षरं त्याला नडली. 1616 साली रायतूरला पुराण छापलं गेलं ते रोमन अक्षरांत, पोर्तुगीज उच्चारांच्या वळणाने. मराठीतलं पहिलं छापील पुस्तक म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, त्यात देवनागरीचा एक कानाही नव्हता.

ओवी काय करते

पुराणाची पहिली ओवी मोठ्याने म्हणून पाहा:

वों नमो विश्वभरिता
देवा बापा सर्व समर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचा रचनारा

'ॐ नमो जी आद्या' ज्याच्या कानावर आहे त्याला ही चाल शिकवावी लागत नाही. भरिता, समर्था, सत्यवंता: तीन चरणांत यमक, चौथा मोकळा. तिसऱ्या चरणापर्यंत मान डोलू लागते आणि चौथ्यात अर्थ उतरतो. आता अर्थाकडे पाहा. 'स्वर्गपृथ्वीचा रचनारा' हे ख्रिस्ती श्रद्धासूत्राचं पहिलंच कलम आहे, ते या मोकळ्या चरणात ठेवलंय. त्याच्या आधीच्या ओळीतलं 'परमेश्वरा सत्यवंता' कुठल्याही कीर्तनात खपेल. 'देवा बापा' तेवढं नवं आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यांना बाप खटकायचा नाही, पण इथला बाप पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यातला पिता आहे, हे पुढे शेकडो ओव्यांनंतर उलगडतं. तोवर 'देवा बापा' तोंडात बसलेलं असतं. आधी जिभेवर, मग कानात, आणि समजूत सगळ्यात शेवटी. पाठांतराची धर्मशिक्षा याच्या उलट क्रमाने चालते, आधी व्याख्या. म्हणून ती परीक्षेपुरती टिकते.

रचनाही तशीच घरची. दोन भाग, पहिल्यात आदाम-एव्हापासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचरित्र. 36 आणि 59 मिळून 95 अध्याय, त्यांना त्याने 'अवस्वर' म्हटलंय. बायबलचं हे भाषांतर नाही. तो कथा सांगतो, मध्ये थांबतो, श्रोत्याला शंका विचारू देतो, उपमा देतो आणि पुढे जातो. मराठीची स्तुती करताना त्याने निवडलेलं फूलसुद्धा मोगरा आहे. विल्टशरच्या माणसाला गुलाब आठवायला हरकत नव्हती.

उसने शब्द

नव्या देवासाठी नवे शब्द आणायचे की जुनेच वापरायचे, हा पेच जगभरच्या सगळ्या मिशनऱ्यांना पडला आहे. स्टीफन्सने काही शब्द पोर्तुगीज-लॅटिनच ठेवले, विशेषतः जिथे घोटाळा परवडणारा नव्हता तिथे. बाकी ठिकाणी त्याने बिनदिक्कत जुन्या घरातून सामान उचललं. बाप्तिस्म्याला ज्ञानस्नान, मुक्ती ही मुक्तीच. स्वर्गाला वैकुंठ, आणि तिथल्या धन्याला वैकुंठराजा.

वैकुंठ म्हणजे विष्णूचं घर. ऐकणाऱ्याच्या आजीने डोळे मिटले तेव्हा 'वैकुंठाला गेली' असंच घरच्यांनी म्हटलं होतं. आता त्याच वैकुंठात येशू बसला आहे असं पुराण सांगतं. स्टीफन्सचा हिशेब असा असावा की शब्द रिकामा करून त्यात नवा अर्थ भरता येईल. पण शब्द घागरीसारखा पालथा घालून मोकळा होत नाही. वैकुंठ म्हटलं की आजी आठवणारच. मग ती बाप्तिस्मा न घेता मेलेली बाई कुठे असेल, हा प्रश्न त्या श्रोत्याच्या मनात उभा राहिला असणार, आणि त्याचं धर्मसंमत उत्तर फार कठोर होतं. वैकुंठ या शब्दात मात्र ती कठोरता नाही. ही माझी अटकळ आहे, पुरावा नाही. पण शब्दाने शिकवलेला धर्म आणि पाद्रीने शिकवलेला धर्म इथे एकमेकांपासून सुटतात, असं मला वाटतं.

देवचाराचं तर याहून गमतीदार. सैतानाला स्टीफन्सने देवचार म्हटलं. गोव्याच्या गावात देवचार हा सीमेवरचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, रात्री गावाभोवती फेरी मारणारा, वाट चुकलेल्याला घरी सोडणारा. त्याला रोट, विडी, दारू द्यायची पद्धत आहे. चिडला तर भारी, पण आपला. तो एका फटक्यात परमेश्वराचा वैरी झाला. गाव तेच, वेशीवरचा वड तोच, आणि शेजारच्या दोन घरांत एकाच नावाची एकाला भीती आणि दुसऱ्याला भरवसा. कोकणी ख्रिस्ती बोलीत देवचार अजून सैतानच आहे, आणि हिंदू घरांत तो अजून राखण करतो. वादविवादात हरवून जे साधलं नसतं ते एका शब्दाच्या निवडीने साधलं. साधलं तेही अर्धंच, कारण ज्या राखणदाराला खोटा ठरवायचं होतं, त्याला सैतान करून खरा ठरवला गेला. सैतान असतोच ना.

पुढे काय झालं

पुराण चाललं. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं गेलं. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आणि घरांत सणावारी ते वाचलं जाई. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआने त्याच धाटणीवर संत पेत्राचं भलंमोठं ओवीबद्ध पुराण रचलं. म्हणजे एक प्रथाच पडू पाहत होती.

ती मोडली दरबाराने. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. संभाजीराजांच्या फौजा साष्टी-बारदेशात येऊन गेल्याला जेमतेम सहा महिने झाले होते आणि तेव्हाही व्हाइसरॉय तोच होता. 1736 मध्ये इन्क्विझिशनने लग्नातली ओव्या-गाणी, तुळस, कपडे, जेवणातले प्रकार अशी लांबलचक यादी करून बंदी घातली. ही यादी वाचताना माझ्या मनात येतं की दीडशे-दोनशे वर्षांनीही लोक हे सगळं करत होते म्हणूनच ती करावी लागली.

छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. पुराण तगलं ते गोवा सोडून दक्षिणेत कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हातांनी. त्यांनी ते नकलून घेतलं, पोथीसारखं जपलं. टिपूने 1784 मध्ये मंगळुरी ख्रिस्त्यांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं, तेव्हा तिथे पाद्री नव्हते आणि लोकांनी याच ओव्यांवर धीर धरला, असं त्या समाजात सांगतात. मंगळूरच्याच हस्तलिखितांवरून 1907 मध्ये जोसेफ साल्ढाना यांनी ते पुन्हा छापलं, रोमनमध्येच. देवनागरीत ते आलं 1956 साली, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या हातून. स्टीफन्सला हवी होती ती अक्षरं मिळायला 340 वर्षं लागली.

गोष्टींची वाहतूक एकाच दिशेने झाली असंही नाही. शिरगावची लईराय, मये-मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाय या सख्ख्या बहिणी. त्यांच्यातली एक, मीराबाय, ख्रिस्ती झाली आणि म्हापशाच्या इगर्जीत मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, म्हणून राहिली, असं गोव्यातलं कुणीही सांगेल. मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांगेत उभे असतात. लईरायच्या जत्रेत धोंडांच्या, म्हणजे व्रतस्थ भक्तांच्या, गळ्यात मोगऱ्याच्या माळा असतात, आणि बहिणींमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण चालते असं म्हणतात. ही गोष्ट ना पाद्रीने रचली, ना भटाने. धर्म बदललेल्या घराशी नातं कसं ठेवायचं याचं उत्तर लोकांना हवं होतं, आणि ते त्यांनी पुराणाच्या रीतीनेच काढलं, म्हणजे नाती जोडून. कुंकळ्ळीत आजही शांतादुर्गा फातर्प्याहून येते, तेव्हा छत्र्यांच्या मिरवणुकीत बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या असतात आणि त्या वांगडांचे ख्रिस्ती वंशजही मानकरी म्हणून हजर असतात.

स्टीफन्सकडे पाहताना दोन्ही टोकं मला अपुरी वाटतात. तो मराठीचा निव्वळ प्रेमिक नव्हता. बंदूक बाळगणाऱ्या सत्तेच्या सावलीत बसून त्याने ओवी लिहिली, आणि पाडलेल्या देवळांबद्दल त्याला खंत होती असं समजायला जागा नाही. पण 11,000 ओव्या कुणी नुसत्या डावपेचाने लिहीत नाही. चाळीस वर्षं एका भाषेत राहिल्यावर माणूस तिच्यात विचार करू लागतो, आणि मग आपला देवही त्याला तिच्यातच सुचतो. मोगरीची ओवी त्या जागेवरून आलेली आहे. ती 27 फेब्रुवारीला पाठवायला माझी ना नाही.

लंडनला मार्सडेन नावाच्या जुन्या संग्रहात या पुराणाची देवनागरी पोथी निघाली. संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे जस्टिन अ‍ॅबट यांना ती 1920 च्या दशकात दिसली. मंगळूरच्या प्रतींत जिथे पोर्तुगीज शब्द आहेत तिथे तिच्यात संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ कुठली, यावर अभ्यासक अजून भांडतात. कुणीतरी, कधीतरी, ते परके शब्द एकतर काढले किंवा घातले.

आजच्या कोकणी प्रार्थनेत 'आमच्या बापा सर्गींच्या' म्हणतात. स्टीफन्सचं वैकुंठ तिथे राहिलं नाही. ते विष्णूकडे परत गेलं आणि जागा सर्गाने घेतली. नरकाला मात्र अजून यमकोंडच म्हणतात. यम तिथून हललेला नाही.